सुपरबाइक आणि रोजचा रस्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपरबाइक घ्यावी का, घेतली तर कोणती, आणि ती रस्त्यावर खरंच चालवता येते का, हे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखे येत राहतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतले आहेत. मला या गाड्या मनापासून आवडतात, म्हणूनच त्यांच्या अडचणी झाकून ठेवलेल्या नाहीत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एकाचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुपरबाइक म्हणजे नेमकी कोणती गाडी? मोठी बाइक म्हणजे सुपरबाइकच ना?

बोलताना हजार सीसीच्या आसपासची कुठलीही दणदणीत गाडी सुपरबाइक ठरते. तुलना करायची तर व्याख्या जरा आवळून घ्यावी लागते. वर्ल्ड सुपरबाइक ही स्पर्धा १९८८ साली सुरू झाली. तिचा मूळ नियम असा की, शर्यतीत उतरणारी गाडी लोकांना विकत मिळणाऱ्या गाडीवरूनच बनलेली हवी. तेव्हा चार सिलिंडरना ७५० सीसी आणि दोन सिलिंडरना १००० सीसी अशी मर्यादा होती. २००३ पासून चार सिलिंडरनाही १००० ची मुभा मिळाली. आज यामाहा आर१, होंडा सीबीआर१०००आरआर-आर, कावासाकी झेडएक्स-१०आर, सुझुकी जीएसएक्स-आर१००० आणि बीएमडब्ल्यू एस१०००आरआर या सगळ्या त्याच आकड्याभोवती घुटमळतात, त्याचं कारण हे. डुकाटीची पानिगाले व्ही४ (११०३ सीसी) आणि एप्रिलियाची आरएसव्ही४ (१०९९ सीसी) या रस्त्यासाठी थोड्या मोठ्या केलेल्या गाड्या आहेत. शर्यतीच्या नियमात बसावी म्हणून डुकाटी ९९८ सीसीची व्ही४ आर वेगळी बनवते.

म्हणजे या गाडीचा जन्मच ट्रॅकच्या नियमातून झालेला आहे. पुढची बरीच उत्तरं इथूनच निघतात.

२. आधीच्या सुपरबाइक रस्त्यावर जास्त सोप्या होत्या असं जुने लोक म्हणतात. खरं की नुसत्या आठवणी?

बऱ्याच अंशी खरं. १९९२ ची होंडा फायरब्लेड ८९३ सीसीची होती आणि तिचं कोरडं (पेट्रोल-तेल न धरता) वजन १८५ किलो होतं. तिचे अभियंता तादाओ बाबा यांनी भर दिला तो वजन कमी करण्यावर आणि गाडी हातात राहण्यावर. १९९८ ची यामाहा आर१ आली ती १५० अश्वशक्ती आणि १७७ किलो कोरडं वजन घेऊन. गिअरबॉक्सचे दांडे एकावर एक रचल्यामुळे इंजिन आखूड झालं आणि गाडी छोटी. या गाड्यांना ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू लागलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) नव्हतं, एबीएस नव्हतं, त्यामुळे चुकीला माफी कमीच होती. पण मधल्या आरपीएमला त्या छान ओढायच्या. नंतरच्या पिढ्यांत ताकद वाढली ती मुख्यतः वरच्या टोकाला, आणि रस्त्याचा संबंध खालच्या टोकाशी असतो.

३. दोनशे अश्वशक्ती रस्त्यावर वापरता येते का?

नाही. ताशी १०० किमीने सपाट रस्त्यावर चालत राहायला मोटरसायकलला साधारण दहा-पंधरा अश्वशक्ती पुरते. बाकीची एकशेऐंशी-नव्वद त्या वेळी फक्त सोबत असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट गिअरची आहे. लिटर-क्लास (हजार सीसीच्या) गाड्यांचा पहिला गिअरच दीडशेच्या आसपास जाऊन संपतो. आता उलटा हिशोब करा. तेरा-साडेतेरा हजार आरपीएमला पहिल्या गिअरमध्ये १५० चा वेग असेल, तर ३००० आरपीएमला तो तेहतीसच्या आसपास पडतो. ट्रॅफिकमध्ये आपण पंधराने सरकत असतो, तेव्हा क्लच पूर्ण सोडला तर इंजिन जवळपास आयडलवर येतं आणि गचके देतं. म्हणून डाव्या हाताची दोन बोटं क्लचवरून हलतच नाहीत. सगळा वेळ अर्धा क्लच, आणि अर्ध्या क्लचची उष्णता वेगळीच. “गाडी स्लो चालतच नाही” ही तक्रार येते ती या पहिल्या गिअरमुळे. मेकॅनिककडे नेऊन ती जात नाही. यावर एक उपाय आहे, तो प्रश्न २० मध्ये.

४. मग ६०० पेक्षा १००० सीसीचा पिकअप किती जास्त? शून्य ते शंभरमध्ये फरक दिसेल ना?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. पहिल्या शंभरपर्यंत अडसर ताकदीचा नसून पुढच्या चाकाचा असतो. मागचं चाक जोरात ढकलू लागलं की वजन मागे जातं आणि एका मर्यादेनंतर पुढचं चाक उचलतं. ही मर्यादा ठरते गाडीची लांबी आणि गुरुत्वमध्याची उंची यांवरून. या बांध्याच्या गाडीत ती साधारण एक जी (गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग) असते. एक जीने शंभर गाठायला २.८ सेकंद लागतात, आणि उत्तम चालवणाऱ्याच्या हाताखाली या गाड्या तीन सेकंदांच्या आसपास येतात ते त्यामुळेच. दोनशेऐवजी अडीचशे अश्वशक्ती दिली तरी हा आकडा फारसा हलणार नाही, नुसतं चाक जास्त उचलेल.

सहाशेची चांगली गाडीही पहिल्या गिअरमध्ये या मर्यादेच्या जवळ पोचते. फरक राहतो तो सेकंदाच्या काही दशांशांचा, आणि तोही क्लच सफाईने सोडता आला तर. लिटरची गाडी खरी सुटते ती दीडशेच्या पुढे. तुमच्या रस्त्यावर दीडशेच्या पुढे काय करायचं असतं, हे तुम्हीच ठरवा.

५. दोन गाड्यांची तुलना करताना कोणता आकडा बघू?

कमाल अश्वशक्ती सगळ्यात शेवटी बघा. आधी टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) किती आहे आणि तो किती आरपीएमला मिळतो, ते बघा.

एकाच घरातलं उदाहरण घेऊ. २०१९ च्या एस१०००आरआरला २०७ अश्वशक्ती आहे आणि ११३ न्यूटन-मीटर टॉर्क ११,००० आरपीएमला मिळतो. तिची विनाफेअरिंग (समोरचं वारा अडवणारं कवच नसलेली) बहीण एस१०००आर, २०२१ चं मॉडेल, अश्वशक्ती १६५. कागदावर चाळीसेकने मागे. पण टॉर्क ११४, आणि तो ९,२५० लाच. रस्त्यावर ओव्हरटेक करताना दोन गिअर न उतरता काम होतं ते या दुसऱ्या गाडीवर.

होंडाची आरआर-आर हे दुसरं टोक. बोअर ८१ मिमी, स्ट्रोक ४८.५ मिमी. रुंद पिस्टन आणि आखूड धाव, म्हणून इंजिन भन्नाट फिरतं. २०२० च्या मॉडेलची कमाल ताकद मिळते १४,५०० आरपीएमला. सहाव्या गिअरमध्ये शंभरने चालताना या वर्गातल्या गाडीचं इंजिन साडेचार हजारांच्या आसपास असतं. म्हणजे ज्या दहा हजारांसाठी पैसे मोजले, ती दहा हजार आरपीएम वर शिल्लकच राहतात.

६. इनलाइन-फोर, क्रॉसप्लेन, व्ही-फोर: रस्त्यासाठी कोणतं इंजिन बरं?

साध्या इनलाइन-फोरमध्ये (चारही सिलिंडर एका ओळीत) दर १८० अंशांनी एक स्फोट होतो. चाल गुळगुळीत, आवाज चढत जाणारा. २००९ पासून आर१ मध्ये क्रॉसप्लेन क्रँक आला. त्यात स्फोटांमधलं अंतर २७०, १८०, ९०, १८० असं विषम आहे. त्यामुळे क्रँकच्या स्वतःच्या फिरण्याचे झटके कमी होतात आणि मूठ पिळल्यावर मागचा टायर काय करतोय ते हाताला स्वच्छ कळतं. वळणातून बाहेर पडताना हे फार सुखाचं असतं, रस्त्यावरसुद्धा.

व्ही-फोर (दोन सिलिंडर पुढे, दोन मागे, व्ही आकारात) अरुंद असतं, मांड्यांमध्ये गाडी बारीक लागते, आणि मधल्या आरपीएमला त्याची ओढ भरघोस असते. बदल्यात मागचे दोन सिलिंडर थेट सीटखाली येतात (पुढचा प्रश्न वाचा).

झडपांच्या वेळा बदलणारी इंजिनंही आहेत. बीएमडब्ल्यूचं शिफ्टकॅम ९,००० आरपीएमला कॅम बदलतं, त्यामुळे त्याखाली गाडी बरीच माणसाळलेली वाटते. २०१७ पासूनच्या जीएसएक्स-आर१००० मध्ये हेच काम केंद्रोत्सारी बळावर चालणारी साधी यंत्रणा करते. फक्त रस्त्याचा विचार केला तर माझं मत या दोघींच्या बाजूने आहे.

७. सुपरबाइक खूप तापते म्हणतात. नवीन गाड्यांत हा त्रास गेलाय का?

कमी झालाय, गेलेला नाही. एका दुपारी व्ही-फोरवर लांब सिग्नलला अडकलो होतो, ते अजून आठवतं. मीटरवरचा आकडा ९४, ९७, १०१ असा चढत गेला. १०४ च्या आसपास फॅन घोंगावत सुरू झाला आणि रेडिएटरमधून निघालेली गरम हवा फेअरिंगच्या फटीतून नडग्यांवर आली. तोवर सीटखालून उजवी मांडी भाजायला लागलीच होती. सिग्नल सुटला, तीसचा वेग आला आणि दहा सेकंदांत सगळं शांत.

यातली कारणं तीन. हजार-अकराशे सीसीचं इंजिन छोट्या जागेत कोंबलेलं असतं, रेडिएटर वाहत्या हवेच्या भरवशावर असतो, आणि धूर स्वच्छ करणारा, खूप तापणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पायांच्या जवळ येतो. फॅन शंभरच्या वर सुरू होणं हा बिघाड नाही, कूलंटची यंत्रणा दाबाखाली असते आणि ते तापमान तिला चालतं. पानिगाले व्ही४ उभी असताना मागचे दोन सिलिंडर बंद करते, त्याने बराच फरक पडतो. इनलाइन-फोरमध्ये सिलिंडर पुढे असतात, त्यामुळे मांड्यांना त्रास कमी आणि नडग्यांना जास्त.

तुमच्या रोजच्या वाटेत वीस मिनिटं रांगेत सरकणं असेल, तर हा एक मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांवर भारी पडतो. जाड रायडिंग पँट इथे उन्हाळ्यातही उपयोगी पडते. पातळ कपड्यातून भाजायला वेळ लागत नाही.

८. मनगटं आणि पाठ दुखते. सवय होईल का?

पाठीला होते, मनगटांना अर्धीच. हँडल खाली आणि फुटरेस्ट मागे-वर, म्हणजे छातीचा भार पुढे येतो. शंभर-एकशेवीसच्या वेगाला समोरचा वारा छाती उचलून धरतो आणि हात मोकळे होतात. ट्रॅकवर ही बैठक नैसर्गिक वाटते ती म्हणून. चाळीसच्या वेगाला वारा नसतो, सगळं वजन तळहातांवर येतं.

उपाय हातात नाही, मांड्यांत आहे. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, पोट आवळून धड पोटाच्या स्नायूंवर तोलायचं आणि कोपरं सैल सोडायची. टाकीला दोन्ही बाजूंनी रबरी ग्रिप पॅड लावले तर धरणं सोपं जातं. हाताला मुंग्या येत असतील तर क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवून पाहा, मनगट सरळ राहतं. एवढं करूनही तासाभरात दुखत असेल तर सहन करत बसू नका, गाडीचा प्रकार बदला (प्रश्न १७).

९. उंची कमी आहे. चालवता येईल का?

सीट साधारण ८३० ते ८५० मिमी उंच असते, पण ती पुढे अरुंद असल्यामुळे आकडा वाटतो तितका भीतीदायक नाही. एक पाय पूर्ण टेकला तरी पुरतं. खरी अडचण वळवताना येते. हँडल फार कमी फिरतं, त्यामुळे अरुंद रस्त्यात यू-टर्न घेताना पुढे-मागे करावं लागतं, आणि उतारावर हे करताना उंची आठवते. गाडी खाली करण्यासाठी मागची लिंक बदलू नका, सस्पेन्शनची भूमिती बिघडते. सीटचा फोम कमी करून घेणं बरं.

१०. खड्डे आणि गतिरोधकांवर काय होतं?

खालून गाडी घासेल ही भीती सगळ्यांना असते, आणि बेढब गतिरोधकावर ती खरीही ठरते. तिरकं आणि सावकाश गेलं की बहुधा निभावतं. त्यापेक्षा रोजचा त्रास कडक सस्पेन्शनचा. पुढच्या फोर्कचा प्रवास जेमतेम १२० मिमीच्या आसपास आणि सेटिंग असं की, दोनशेच्या वेगाने येऊन करकचून ब्रेक दाबला तरी फोर्क तळाला जाऊ नये. पन्नासच्या वेगाला तोच फोर्क प्रत्येक सांधा मनगटापर्यंत पोचवतो.

यावर स्वतः करण्यासारखी एक गोष्ट आहे आणि बहुतेक मालक ती कधीच करत नाहीत. फोर्कच्या चकचकीत नळीवर प्लास्टिकची एक केबल टाय बांधा, फार घट्ट नको. पुढचं चाक हवेत असताना टाय सीलपर्यंत सरकवा. मग पूर्ण कपडे घालून हळूच गाडीवर बसा, कुणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा, आणि तसेच हळूच उतरा. टाय किती मिलिमीटर सरकली ते मोजा. ३० ते ४० च्या मध्ये असेल तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) तुमच्या वजनाला बरोबर आहे. वीसच आली तर गाडी तुमच्यासाठी कडक आहे, प्रीलोड सोडा. त्यानंतर कॉम्प्रेशनचे (फोर्क दबताना होणाऱ्या विरोधाचे) दोन-तीन क्लिक कमी करून त्याच रस्त्यावरून जाऊन या. सुरुवातीला किती क्लिक होते ते मात्र लिहून ठेवा.

सेमी-अॅक्टिव्ह सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत डॅम्पिंग मोडप्रमाणे बदलतं आणि रस्त्याच्या मोडमध्ये फरक स्पष्ट जाणवतो. पण बऱ्याच गाड्यांत स्प्रिंगचा प्रीलोड तिथेही हातानेच लावावा लागतो.

११. एवढे भारी ब्रेक असल्यावर सुपरबाइक लवकर थांबते ना?

थोडी. प्रश्न ४ मधलाच हिशोब इथे उलटा लागू होतो. करकचून ब्रेक दाबला की मागचं चाक उचलतं, आणि तीही मर्यादा एक जीच्या जवळपासच. शंभरवरून थांबायला एक जीने ३९ मीटर लागतात. एखाद्या चांगल्या ब्रेकच्या मध्यम बाइकलाही त्याहून फार जास्त लागत नाहीत. सुपरबाइकच्या ३२०-३३० मिमीच्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर यांचं खरं देणं वेगळं आहे. बोटाला नेमकं कळतं किती दाबलंय, आणि दहाव्यांदा दाबलं तरी पहिल्यासारखंच लागतं.

पण लक्षात ठेवण्यासारखा आकडा हा. शंभरला आपण एका सेकंदात २८ मीटर जातो. समोर काहीतरी दिसून बोटं लिव्हरवर पोचेपर्यंत तो सेकंद गेलेला असतो, म्हणजे एकूण ६७ मीटर. एकशेचाळीसला हाच हिशोब ११६ मीटरवर जातो. वेग चाळीस टक्के वाढला आणि अंतर पाऊणपट. ही गाडी एकशेचाळीसला शंभरसारखी शांत वाटते, आणि रस्त्यावरचा तिचा सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो.

१२. इलेक्ट्रॉनिक्स आहे म्हटल्यावर पडायची भीती कशाला?

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल मी कृतज्ञ आहे. सहा दिशांचं मापन करणारा आयएमयू गाडी किती झुकली, नाक उचललं की दबलं, हे सतत मोजतो. त्यावरून ट्रॅक्शन कंट्रोल, पुढचं चाक उचलू न देणारं व्हीली कंट्रोल आणि वळणात चालणारं एबीएस काम करतं. २०१५ च्या आर१ ने हा आयएमयू सुपरबाइकमध्ये आणून रुळवला. वळणातल्या एबीएसची सुरुवात त्याआधी केटीएमच्या अॅडव्हेंचर गाडीवर झाली होती.

पण हे सगळं टायरची पकड जास्तीत जास्त वापरू देतं, नवी पकड तयार करत नाही. वळणात वाळू आली आणि पुढचं चाक सरकलं तर आयएमयूला कळेल, पण त्याच्या हातात काही नसेल. समोरून आलेली गाडी, सांडलेलं डिझेल, रस्ता ओलांडणारं जनावर, यांतलं काहीच त्याला दिसत नाही.

१३. विंग्जचा रस्त्यावर उपयोग होतो का?

डुकाटीने २०२० च्या पानिगाले व्ही४ बद्दल दिलेला आकडा असा: विंग्जमुळे (फेअरिंगवरच्या छोट्या पंखांमुळे) २७० च्या वेगाला पुढे-मागे मिळून ३० किलोचा दाब वाढतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. ९० चा वेग म्हणजे २७० चा तिसरा भाग, म्हणून दाब नववा भाग, सव्वातीन किलोच्या आसपास. अर्धी भरलेली सॅक जास्त वजनाची असते. विंग्ज दिसायला मात्र फार सुंदर आहेत, आणि गाडी जाग्यावर पडली की पहिल्यांदा त्याच तुटतात.

१४. कोणते टायर घालू? कंपनीने दिलेलेच ठेवू का?

रस्ता हाच मुख्य वापर असेल तर पहिली जोडी झिजल्यावर स्पोर्ट-टूरिंग टायर घाला. गाडीबरोबर येणारे टायर बहुधा ट्रॅककडे झुकलेले असतात. त्यांचं रबर तापल्यावर अप्रतिम धरतं, पण रस्त्याच्या वेगाला ते त्या तापमानाला पोचतच नाही. सिलिका असलेलं आणि मधे टणक, कडेला मऊ अशा दोन रबरांचं टायर थंडीत, ओल्यात लवकर कामाला लागतं. शिवाय सरळ रस्त्यांमुळे टायर मधेच झिजून चौकोनी होतो, ते उशिरा होतं.

हे मी शिकलो ते एका गार सकाळी. घरापासून पहिल्याच चौकात, वेग जेमतेम तीस, मूठ जरा लवकर पिळली आणि मागचं चाक हातभर बाजूला गेलं. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकला, गाडी सावरली. चूक माझी होती: टायर ट्रॅकचे, हवा गार, आणि मी घाईत. त्यानंतर पहिले काही किलोमीटर मी ही गाडी ओल्या रस्त्यावर असल्यासारखीच चालवतो.

टायर घेताना बाजूला चार आकडे असतात ते वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

१५. पावसात चालवावी का?

टायर योग्य असतील तर हो. रेन मोड मूठ मवाळ करतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल आधी जागं करतो, पण ब्रेकची आणि वळणाची पकड तो वाढवत नाही (प्रश्न १२). रुंद मागचा टायर साचलेल्या पाण्यात तरंगायला लवकर तयार होतो, तिथे वेग आधीच कमी करा. रस्त्यावर रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं सरळ उभ्या गाडीने ओलांडा.

१६. लांबच्या प्रवासाला किंवा मागे कुणाला बसवायला चालेल?

टाकी १६-१७ लिटरची असते आणि सावकाश चालवल्यास एका टाकीत सव्वादोनशे-अडीचशे किमी होतात. एकट्याने, सॅक मागच्या सीटवर बांधून, दर दीड तासाने थांबत मी मोठे प्रवास केले आहेत आणि मजेत केले आहेत. मागे बसणाऱ्याची मात्र दया येते. सीट पाटीएवढी, पाय छातीशी, धरायला काही नाही. त्यात ब्रेक दाबला की त्याचं सगळं वजन तुमच्या मनगटांवर येतं. नेहमी दोघं जाणार असाल तर हा वर्ग सोडा.

हायाबुसाची विचारणा इथेच होते. ती सुपरबाइकच्या व्याख्येत बसत नाही, आणि रस्त्यासाठी ते तिच्या पथ्यावरच पडलंय. २०२१ चं मॉडेल १३४० सीसी, १९० अश्वशक्ती, १५० न्यूटन-मीटर आणि तेही ७,००० आरपीएमला. वजन २६४ किलो, ते पार्किंगमध्ये ढकलताना जाणवतं. हमरस्त्यावर तिच्याइतकी निवांत गाडी या वेगाच्या जातीत क्वचितच मिळेल. कावासाकीची एच२ एसएक्सही सुपरचार्जरमुळे खालूनच ओढते, आणि सामान लावायची सोय तिच्यात मुळापासून आहे.

१७. फेअरिंगवाली, वेगवान, पण रस्त्याला सोयीची अशी कोणती गाडी आहे?

हा वर्ग आत्ता फार बहरलाय. यामाहा आर९ मध्ये ८९० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ११९ अश्वशक्ती, ९३ न्यूटन-मीटर ७,००० आरपीएमला, वजन १९५ किलो. एप्रिलिया आरएस ६६० शंभरेक अश्वशक्तीची, १८३ किलोची, आणि इलेक्ट्रॉनिक्स मोठ्या बहिणीच्या, आरएसव्ही४ च्या, तोडीचं. सुझुकी जीएसएक्स-८आर ८३ अश्वशक्तीची, बैठक यांतली सगळ्यात सुखाची. डुकाटीची २०२५ ची पानिगाले व्ही२ तर मुद्दाम उतरवलेली आहे: आधीची १५५ अश्वशक्तीची होती, ही १२० ची, पण हलकी आणि मधल्या आरपीएमला जास्त कामाची. ज्या कंपनीने आकड्यांची शर्यत आयुष्यभर खेळली तिने आकडा खाली आणला, हे मला फार बोलकं वाटतं.

फेअरिंगचा आग्रह नसेल तर प्रश्न ५ मधल्या एस१०००आरसारख्या नेकेड गाड्या बघा. यामाहा एमटी-१० मध्ये इंजिन आर१ च्याच घराण्यातलं आहे, फक्त रस्त्यासाठी जुळवलेलं.

१८. पहिलीच मोठी बाइक म्हणून लिटर-क्लास घेतली आणि रेन मोडवर ठेवली तर?

हा प्रश्न तरुण मुलांकडून सगळ्यात जास्त येतो, आणि माझं उत्तर “नको” असंच आहे. रेन मोड ताकद मवाळ करतो. वजन, बैठक, लांब पहिला गिअर, कमी फिरणारं हँडल, यांतलं काही तो बदलत नाही. शिवाय मोड बदलायला एक बटण पुरतं, आणि मित्र सोबत असले की ते बटण दाबलं जातं.

मोठं कारण शिकण्याचं आहे. मूठ कुठे उघडायची, वळणात नजर कुठे ठेवायची, ब्रेक हळूच कसा सोडायचा, हे चुका करत शिकावं लागतं. साठ-सत्तर अश्वशक्तीची गाडी चूक सांगते आणि सोडून देते. दोनशेची गाडी ती चूक इलेक्ट्रॉनिक्सखाली झाकते किंवा मोठी करते, दोन्हीत शिकणं होत नाही.

१९. आयल ऑफ मॅन टीटी ही शर्यत तर रस्त्यावरच होते, आणि सुपरबाइकवरच. मग रस्त्याला योग्य नाही कसं म्हणता?

प्रश्न रास्त आहे. २०२३ साली पीटर हिकमन यांनी तिथे ६० किमीहून लांब फेरी ताशी सुमारे २१९ किमीच्या सरासरीने मारली, बीएमडब्ल्यू एम१०००आरआरवर, तीही मूळ गाडीत मोजकेच बदल चालणाऱ्या सुपरस्टॉक वर्गात. पण तो रस्ता तेव्हा बंद असतो. समोरून कुणी येत नाही आणि चालवणाऱ्याला प्रत्येक उंचवटा पाठ असतो. आपल्याला घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: तिथले लोक सस्पेन्शन छोट्या सर्किटपेक्षा मऊ ठेवतात. खडबडीत रस्त्यावर कडक गाडी उडते, हे त्यांनाही चुकलेलं नाही.

उलट बाजूची खूणही आहे. युरोपात २०२५ पासून आर१ रस्त्यासाठी विकली जात नाही, फक्त ट्रॅकसाठी मिळते. आर६ चं तिथे आधीच असं झालं होतं. उत्सर्जनाचे नियम पाळायचे आणि वरची ताकदही राखायची, हे गणित दिवसेंदिवस अवघड होत चाललंय.

२०. माझ्याकडे सुपरबाइक आहे, विकायची नाही. रस्त्यासाठी काय बदल करू?

सस्पेन्शन (प्रश्न १०) आणि टायर (प्रश्न १४) झाले की पुढचा बदल स्प्रोकेटचा, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचा. पुढचं स्प्रोकेट एका दाताने लहान करा. १७ दातांचं असेल तर १६ लावल्यावर सगळे गिअर साधारण सहा टक्क्यांनी आखूड होतात. अर्धा क्लच कमी लागतो, सहावा गिअर शहराबाहेर खऱ्या अर्थाने वापरता येतो. टॉप स्पीड थोडा जाईल, तो रस्त्यावर लागतच नव्हता.

यात अडचणी दोन. काही गाड्या वेग चाकावरून मोजतात, त्यांचा मीटर बरोबरच राहतो. काही गिअरबॉक्सवरून मोजतात, त्यांचा मीटर जास्त दाखवू लागतो. आपली कोणती ते आधी पाहून घ्या. दुसरं, टायरचा आकार आणि स्प्रोकेट एकदम बदलू नका. ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची तुलना करून चालतं, टायरचा घेर बदलला की त्याचा हिशोब चुकतो. ज्या गाड्यांत टायर कॅलिब्रेट करायची सोय आहे, त्यांत टायर बदलल्यावर ते करून घ्या.

देखभालीत वेगळं फारसं नाही. पेट्रोल पुस्तिकेत लिहिलेल्या ऑक्टेनचंच भरा. बहुतेक गाड्यांना किमान ९५ रॉन (ऑक्टेनचं माप) लागतं, आणि पानिगाले व्ही४ मध्ये १४:१ कॉम्प्रेशन आहे, तिथे हलक्या पेट्रोलचा प्रयोग नको. त्याच गाडीच्या झडपांची तपासणी २४,००० किमीला येते. नव्या व्ही२ मध्ये डेस्मो (झडपा स्प्रिंगशिवाय बंद करणारी डुकाटीची यंत्रणा) जाऊन साध्या स्प्रिंग आल्या आणि ती ३०,००० वर गेली. वापर कमी असेल तर बॅटरी ट्रिकल चार्जरवर ठेवा. स्प्रोकेट बदलल्यावर चेन नव्याने ताणून घ्या, आणि शंभरेक किमी झाल्यावर तो ताण पुन्हा एकदा मोजा.